डाव्या हाताचे बुडखे

तिचं पूर्ण नाव इल्देफोन्सा मारादियागा, पण ते फक्त ओळखपत्रावर. सांता आदेला साखर कारखान्याच्या आसपासच्या गावांत ती दोन्या फोन्चा, म्हणजे फोन्चाबाई, आणि कारखान्याच्या कचेरीत तिच्या माघारी तिला जे म्हणतात ते इथे लिहिण्याजोगं नाही. वय चौपन्न. बुटकी, खांद्यांनी रुंद, पंचवीस वर्षं उसाचं बेणं पुरून पुरून बोटांची नखं चपटी झालेली. तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. ती मजुरांची युनियन चालवते; तिथल्या खोलीवर येणारा माणूस दारातच हळूच विचारतो, "आज कुणावर?" ते कळलं की आत कुठल्या खुर्चीवर बसायचं ते त्याला ठरवता येतं.

तिच्या लहानपणी ज्वालामुखीच्या पायथ्यापासून थेट रस्त्यापर्यंत झाडी होती. ती आधी कापसानं खाल्ली, मग कापूस गेला आणि ऊस आला, आणि ऊस जो आला तो आमच्या अंगणात येऊन टेकला. नदीचं पाणी पंपांनी ओढून घेतलं. विहिरींचं पाणी राहिलं, पण त्याला आता औषधाचा वास मारतो. पूर्वी नोव्हेंबरात हंगाम सुरू व्हायचा तेव्हा सकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागायचं. आता नोव्हेंबरातच सकाळी नऊला घामाची धार लागते, आणि मार्चात काय होतं ते बोलायलाच नको. तोडणीच्या आदल्या दिवशी फड पेटवतात. पाचट जळून जातं, ऊस काळा होऊन उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या अजून गरम असलेल्या जमिनीवर माणसं उतरतात. वर सूर्य, खाली राख, आणि मधे माणूस वाकलेला. जेवढं तोडशील तेवढी मजुरी, त्यामुळे कुणी कंबर सरळ करत नाही, पाणी प्यायलाही थांबत नाही. तिशीतली माणसं पाय सुजून, तोंडाला चव नसलेली, घरी येऊन बसतात आणि दोन-चार वर्षांत जातात. डॉक्टर त्याला किडनीचा आजार म्हणतात. आमच्याकडे रक्ततपासणीच्या कागदावरचा शब्द उचलून म्हणतात, "त्याला क्रिएटिनिन झालंय."

आणि रस्त्याच्या तोंडाशी कारखान्याचा भलामोठा फलक आहे. त्यावर हिरवं पान आणि खाली अक्षरं, "आम्ही पृथ्वीची काळजी घेतो." उसाचं चिपाड जाळून कारखाना वीज तयार करतो, म्हणून त्याला दूरदूरच्या देशांतून बक्षिसं येतात. फोन्चा त्या फलकाखालून जाताना दर वेळी थुंकते. एकदा बसमधूनच थुंकली आणि ते वाऱ्यानं मागच्या सीटवरच्या पाद्रीबाबांच्या बाहीवर गेलं. तिनं माफी मागितली, पण फलकाची नाही.

युनियनची मागणी एका कागदावर मावेल एवढीच होती. पारा पस्तिशीच्या वर गेला की तोडणी थांबवायची. फडात सावली आणि थंड पाणी हवं. थांबलेल्या वेळेची मजुरी कापायची नाही. नदीकाठची आणि फडांच्या बांधावरची झाडं पुन्हा लावायची. आणि ज्याचं रक्त बिघडलं त्याला हाकलायचं नाही, बेण्याच्या रोपवाटिकेत सावलीतलं काम द्यायचं. तीन वर्षं तो कागद कामगार खात्यात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. त्यातल्या शेवटच्या मागणीची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

हंगामाआधी कारखाना प्रत्येक तोडणीवाल्याचं रक्त तपासतो. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की फाटकातून परत. ऐकायला केवढी काळजी वाटते! पण रक्त बिघडवलं कुणी? त्याच फडानं. आणि बिघडल्यावर तोच फड म्हणतो, तू नासका आहेस, घरी जा. घरी जाऊन काय खायचं ते कुणी सांगत नाही. इथे उसाशिवाय दुसरं काम नाही, कारण उसाशिवाय दुसरं काही उगवायला जागाच ठेवलेली नाही.

म्हणून मग आमच्या गावांत नावं उसनी घ्यायची रीत पडली. ज्याचं रक्त चांगलं तो आपल्या ओळखपत्रावर जाऊन तपासणी करून येतो, आणि तेच ओळखपत्र घेऊन फडात उतरतो दुसराच. भाचा मामाला नाव देतो, मेव्हणा मेव्हण्याला. मुकादमाला कळतं, पण त्याला दिवसाचा ऊस भरायचा असतो, तो फोटोकडे बघतच नाही. ही युक्ती कुणी काढली, तर फोन्चानंच. पहिल्या तीन माणसांची नावं तिनंच जुळवून दिली होती. ती हे कधी नाकारत नाही, आणि स्वतःला माफही करत नाही.

सेलेदोनिओ तिचा धाकटा भाऊ, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्याला फोन्चानंच वाढवला. तो डावखुरा. शाळेत मास्तरीण त्याचा डावा हात बाकाला बांधून ठेवायची, तरी तो डावखुराच राहिला. फडात डाव्या हाताचा कोयता शेजाऱ्याच्या अंगावर येतो, म्हणून मुकादम त्याला नेहमी कडेची सरी द्यायचा, गाडीरस्त्याला लागून. सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे आणि त्याच्या तोडीला नावाजायचे. बुडखा जमिनीसरशी, एका घावात, कधी दुसरा घाव नाही.

त्या नोव्हेंबरात सेलेदोनिओच्या रक्ताचा आकडा वर आला. तो तीन आठवडे घरी बसला. कुंपण दुरुस्त केलं, चुलीचा ओटा लिंपला, कोंबड्यांचं खुराडं दोनदा मोडून दोनदा बांधलं. एके सकाळी भात आणि घेवड्याची ताटली तशीच पुढे सारून तो म्हणाला, "ताई, मला असं बसून खाणं जमत नाही."

"मग उभा राहून खा," फोन्चा म्हणाली.

"थट्टा नको करू. रोसेंदोचं कार्ड मिळेल का बघ ना."

रोसेंदो पिकादो त्यांच्या मधल्या बहिणीचा मुलगा. गावात तीनचाकी सायकलगाडी चालवायचा, उसात कधी उतरला नव्हता, म्हणून रक्त ठणठणीत. चेहऱ्यात घराण्याचं नाक होतं, फोटोत तेवढं पुरेसं. फोन्चा स्वतः जाऊन कार्ड घेऊन आली. भावाच्या हातात देताना म्हणाली, "पाणी पीत जा. दमलास की बस." बसायचं कुठे, हे तिनं सांगितलं नाही, कारण तिला ते माहीत नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, अठरा नंबरच्या फडात, सकाळी साडेअकराच्या सुमाराला सेलेदोनिओ पडला. शेजारच्या सरीतला माणूस म्हणाला, आधी तो चुकीच्या बाजूला वळला, मग गुडघ्यावर बसला, मग काहीतरी ओकला आणि आडवा झाला. मुकादमानं पिकअप बोलावली. कारखान्याच्या नर्सनं गाडीतच त्याच्या तोंडात साखरमिठाचं पाणी घातलं आणि कागदावर लिहिलं, "रोसेंदो पिकादो, चक्कर, घरी पाठवले." घरी म्हणजे फोन्चाच्या दारात. तो उतरवला तेव्हाच त्याचे डोळे फिरलेले होते. ड्रायव्हर तरी म्हणत होता, "बाई, आत्ता बोलत होता, खरंच आत्ता बोलत होता." आरोग्यकेंद्राच्या डॉक्टरनं दाखल्यावर लिहिलं की सेलेदोनिओ मारादियागा, वय पंचेचाळीस, मूत्रपिंडाच्या जुन्या आजारानं राहत्या घरी वारला.

म्हणजे कागदावर फडात जो पडला तो जिवंत होता, आणि जो मेला तो फडात गेलाच नव्हता.

अकराव्या दिवशी कामगार खात्यानं आमच्या त्या कागदावर एकदाची बैठक लावली. बैठक कुठे, तर कारखान्याच्याच गेस्ट हाऊसमध्ये. आत एवढा गारवा की म्हाताऱ्या एलिओदोरोला शिंका यायला लागल्या. हा एलिओदोरो तोडणीवाल्यांचा पुढारी, आणि तोही उसन्या नावाचाच. समोर खात्याचे इन्स्पेक्टर तिहेरिनो, त्यांच्या शेजारी कारखान्याचा इंजिनिअर ओरोस्को. ओरोस्कोनं भिंतीवर पडदा लावून चित्रं दाखवली. झाडांची, हसणाऱ्या कामगारांची, बक्षिसांची. आणि शेवटी म्हणाला, "या हंगामात सांता आदेलाच्या एकाही फडात उन्हानं एकही मृत्यू झालेला नाही. आमच्या नोंदी उघड्या आहेत, कुणीही बघाव्यात."

फोन्चा खुर्चीत पुढे सरकली. तिनं तोंड उघडलं, आणि टेबलाखाली एलिओदोरोचा बूट तिच्या पायावर आला. जोरात. तिनं त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे म्हणत होते, बोललीस तर उसन्या नावांवर जगणारी एक्केचाळीस घरं जातील. आणि ती गप्प बसली. फोन्चा, जी आयुष्यात कधी गप्प बसली नाही, ती भावाच्या मरणावर गप्प बसली. इन्स्पेक्टरांनी फाइल मिटली आणि सांगितलं, घटना घडल्याचा पुरावा नसताना सक्ती करता येत नाही. पाणी प्या, असे फलक लावावेत, एवढी शिफारस आपण करू.

बाहेर आल्यावर तिनं एलिओदोरोला सगळ्यांसमोर ढकलला. "फलक! माझ्या भावाचा फलक करा आता! हिरवं पान काढा त्याच्यावर!"

"दोन्या फोन्चा, शांत हो."

"शांत तो झालाय. मी होणार नाही."

रविवारी सकाळी युनियनच्या खोलीत ते एक्केचाळीस जण जमले. सगळे उसन्या नावांचे. काही बायकाही आल्या होत्या, पोरं कडेवर घेऊन. फोन्चा उभी राहिली आणि आडवळण न घेता म्हणाली, "मी सांगणार आहे. फडात कोण मेलं आणि कुणाच्या नावावर मेलं, सगळं सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगून मग सांगणार, एवढंच."

कालवा झाला. दारापाशी उभा असलेला कोर्नेलिओ नावाचा दांडगा माणूस ओरडला, "तुझा भाऊ गेला, वाईट झालं. पण आमच्या पोटावर कशाला पाय देतेस? सोमवारी सगळ्यांची कार्डं तपासतील!"

"तपासतील."

"आणि मग?"

"मग तू घरी बसशील. आणि नाही सांगितलं तर तू फडात पडशील, आणि मुकादम लिहील की तुझ्या चुलतभावाला चक्कर आली. बायकोला तुझी विधवासुद्धा म्हणता येणार नाही, कोर्नेलिओ. तुझा चुलतभाऊ ठणठणीत, तिकडे बिअर पीत बसलाय!"

कुणीतरी हसलं. कोर्नेलिओची बायको हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

एलिओदोरो कोपऱ्यात बसला होता, तो पहिल्यांदाच बोलला. "मी तीन वर्षं मेलेल्या मेव्हण्याच्या कार्डावर तोडतोय, रक्त त्याचा पोरगा देऊन येतो. त्याच्या नावानं मला मागच्या वर्षी चांगल्या कामाची टोपी दिली. कारखान्याला मेलेला माणूस चालतो, आजारी चालत नाही." तो थांबला. "पण बाई, तू सांगशील आणि ते म्हणतील, खोटं. कागद त्यांचा. नर्स त्यांची. आणि तुझा भाचा कालपासून कारखान्याचा खाकी शर्ट घालून फिरतोय, पाहिलास का?"

पाहिला होता तिनं. रोसेंदोला वॉचमनची नोकरी दिली होती, कायमची, सावलीतली. त्या बदल्यात त्यानं एवढंच सांगायचं होतं की त्या दिवशी फडात मीच होतो आणि मलाच चक्कर आली.

"कागद त्यांचा असेल," फोन्चा म्हणाली. "बुडखे माझ्या भावाचे आहेत."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एलिओदोरो सावकाश उठून उभा राहिला. उजव्या हातानं तोडलेला बुडखा एका बाजूला उतरता असतो, डाव्या हाताचा दुसऱ्या. शहरातल्या माणसाला ते शंभर वर्षांत कळणार नाही, पण तोडणीवाल्याला चालता चालता दिसतं. दोनशे उजव्यांच्या फडात डावऱ्याच्या सरी एखाद्या उलट्या भांगासारख्या दिसतात. आणि अठरा नंबरला अजून पाणी सोडलेलं नव्हतं. पाणी सोडलं की आठवड्याभरात खोडव्याचे फुटवे वर येतील आणि सगळं झाकून जाईल.

"पाणी बुधवारी सोडणार आहेत," कोर्नेलिओच म्हणाला. मग एकदम रागानं, "माझ्याकडे काय बघताय? मला माहीत होतं म्हणून सांगितलं."

हात वर करून ठराव झालाच नाही. अर्धे जण शिव्या देत निघून गेले. एलिओदोरोनं दारात थुंकून सांगितलं, "जा. पण आमची नावं तू घ्यायची नाहीस. घ्यायची तर आम्ही घेऊ."

सोमवारी सकाळी आठपासून फोन्चा इन्स्पेक्टर तिहेरिनोंच्या कचेरीत जाऊन बसली. शिपायानं तीनदा उठवली, ती तीनदा बसली. अकराला स्वतः इन्स्पेक्टर बाहेर आले. तिनं सांगितलं, "साहेब, अठरा नंबरचा फड बघायला चला. नाही आलात तर मी इथेच राहीन, आणि मला घोरायची सवय आहे." तिहेरिनो तसा वाईट माणूस नव्हता, नुसता सवयीनं भित्रा होता. त्यानं छत्री घेतली.

फडाच्या कडेला ओरोस्को आधीच हजर. अशा बातम्या कारखान्याला पिकअपच्याही आधी पोहोचतात. त्याच्या शेजारी खाकी शर्टात रोसेंदो, मान खाली.

"बाईंचं दुःख आम्ही समजू शकतो," ओरोस्को म्हणाला. "पण हा बघा, इन्स्पेक्टरसाहेब, रोसेंदो पिकादो. जिवंत. थोडी चक्कर आली होती. विचारा त्याला."

फोन्चा सरळ पुढे निघाली. ती गाडीरस्त्याच्या कडेच्या सरीत उतरली, वाकली आणि तळवा एका बुडख्यावर ठेवला. "साहेब, इकडे या. बूट खराब होतील, होऊ द्या. हे बघा, हा उतार. आता त्या पलीकडच्या सरीतला बघा. उलटा आहे की नाही? हात लावून बघा."

तिहेरिनोनं हात लावला. मग दुसऱ्याला लावला. मग तो छत्री मिटून ओणवा चालायला लागला, एका सरीतून दुसऱ्या सरीत. शाळेत गणित एकदम सुटलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता. कडेच्या सरींत सगळे बुडखे एकीकडे उतरते, बाकी अख्ख्या फडात दुसरीकडे. आणि एका जागी ते संपत होते. शेवटचा ऊस अर्धाच तुटलेला, घाव अडकून राहिलेला. त्यापुढे दुसऱ्या कुणीतरी उजव्या हातानं सरी पूर्ण केलेली.

"इथे पडला तो," फोन्चा म्हणाली. "त्यानं आयुष्यात कधी अर्धा घाव घातला नाही."

ओरोस्को म्हणाला, "याचा अर्थ एवढाच की रोसेंदो डावखुरा आहे."

फोन्चा वळली. कंबरेचा कोयता तिनं काढला, मूठ पुढे करून भाच्यासमोर धरला. बांधावर न तोडलेले चार-पाच ऊस उभे होते. "घे रे बाळा. तोडून दाखव साहेबांना. एकच."

"मावशी..."

"मावशी नंतर. आधी ऊस."

रोसेंदोनं ओरोस्कोकडे पाहिलं. ओरोस्कोनं डोळ्यांनी डावा हात दाखवला, अगदी उघड, नोकराला मीठ कुठे ठेवायचं ते दाखवावं तसा. रोसेंदोनं कोयता डाव्या हातात घेतला. पहिला घाव उसाला लागलाच नाही. दुसरा लागला आणि कोयता घसरून त्याच्या बुटाला चाटून गेला. तिसऱ्या वेळी त्यानं हात वर उचलला आणि तसाच राहिला. मग कोयता खाली टाकून तो राखेत बसला, त्या खाकी शर्टाच्या बाहीनं नाक पुसत. "मी फडात कधी आलोच नव्हतो, साहेब. मामा होता. माझं नाव होतं, मामा होता."

फोन्चानं त्याला जवळ घेतलं नाही. तेवढी माया तिच्याकडे त्या वेळी शिल्लक नव्हती.

"म्हणजे तुम्ही कबूल करताय," ओरोस्कोचा आवाज आता चढला होता, "की युनियननं खोट्या नावांनी माणसं घुसवली? गुन्हा आहे हा!"

"लिहा!" फोन्चा इन्स्पेक्टरवरच ओरडली. "लिहा साहेब! इल्देफोन्सा मारादियागानं खोटी नावं जुळवून दिली. पहिली तीन मी स्वतः. पण त्याच्या आधीची ओळ पण लिहा! यांच्या आगीनं आणि यांच्या उन्हानं माणसाचं रक्त नासतं, आणि नासलं की तोच गुन्हेगार! झाडं तोडली तुम्ही, नदी प्यायलात तुम्ही, हवा तापवून वर तिच्यावर बक्षिसं घेता तुम्ही, आणि मरायची पाळी आली की आम्ही घरी मरायचं, तुमचा फड विटाळायला नको! माझ्या भावाचं नाव लिहा. सेलेदोनिओ. मारादियागा. अठरा नंबरचा फड. घरी नाही. खोडा ते 'घरी'."

तिहेरिनोनं लिहिलं. छत्री काखेत धरून लिहिलं, आणि खाली सही केली.

त्यावर कारखान्यानं काय केलं ते सांगायलाच नको. मंगळवारी फाटकात प्रत्येक कार्ड तोंडाशी लावून पाहिलं गेलं आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जणांना परत पाठवलं. उन्हाच्या नियमाबद्दल कळवलं की विषय विचाराधीन आहे. कोर्नेलिओ थेट फोन्चाच्या अंगणात आला. ती दारात उभी राहिली, जे काय बोलेल ते ऐकायला तयार. तो म्हणाला, "घातलंस ना घरी? आता चल. फाटकासमोर बसायला माणसं कमी पडतायत."

बुधवारी सकाळी उसाच्या गाड्यांच्या वाटेत एक्केचाळीस माणसं बसली. गळ्यात पुठ्ठ्याचे तुकडे, त्यावर प्रत्येकाचं स्वतःचं नाव आणि रक्ताचा आकडा. एलिओदोरोनं आकडा एवढा मोठा लिहिला होता की नावाला जागा राहिली नाही. बायका टिस्त्याचे, मका-कोकोच्या थंड पेयाचे, घडे घेऊन आल्या. गाड्या रस्त्यावर दूरपर्यंत अडकल्या, आणि उसाला अडकून चालत नाही, रस आंबतो. दहाच्या सुमाराला शहरातून बातमीवाले कॅमेरे घेऊन आले. साडेदहाला दोन माणसं भोवंडली. आजारीच होती ती, त्यात ते ऊन.

आणि मग फाटक उघडलं. चार नोकर पांढरा तंबू घेऊन बाहेर आले. छान, नवा, मोठा तंबू, वर हिरवं पान. दहा मिनिटांत माणसांच्या डोक्यावर उभा केला. मागून बर्फाच्या पाण्याची पिंपं. ओरोस्को कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "मतभेद असले तरी माणुसकी पहिली."

फोन्चा जागची उठली. तिनं तंबूचं कापड चिमटीत धरून पाहिलं. तीन वर्षं! तीन वर्षं एका तंबूसाठी कागद फिरला, आणि तंबू होता! गोदामात घडी करून ठेवलेला होता! फडात माणूस पडला तर दिसत नाही, फाटकात पडला तर टीव्हीवर दिसतो, म्हणून दहा मिनिटांत सावली!

"उठा," ती म्हणाली.

"बाई, आत्ता तर सावली आली," एलिओदोरो कुरकुरला.

"उठा म्हणते ना! खुंट्या उपटा. दोऱ्या धरा. कोर्नेलिओ, तू तिकडचा बांबू. पिंपं हातगाडीवर घाला. सांडू नका, थेंब सांडलात तर बघा!"

तंबू तसाच उभाच्या उभा उचलला गेला. चाळीस हातांनी चार बाजूंनी, वर ते हिरवं पान डुलत. एलिओदोरो खाली, बांबूला धरून, खोकत आणि शिव्या देत. ओरोस्को मागे धावला, "अरे, कंपनीची मालमत्ता आहे ती!"

"मग कंपनीच्याच फडात नेतोय," फोन्चा मागे न बघता म्हणाली.

एकोणीस नंबरच्या फडात दोनशे माणसं तोडत होती. त्यांना हे पांढरं छत रस्त्यानं चालत येताना दिसलं आणि कोयते एकेक करून थांबले. तंबू फडाच्या मधोमध राखेत रोवला. पिंपांची झाकणं काढली. पण कुणी येईना. मजुरी तोडीवर, आणि मुकादम समोर उभा. बरंच थांबल्यावर एक सावळी पोरगेली बाई आली. तोडणीतल्या मोजक्या बायकांतली. ती कोयता बाहेर ठेवून आत बसली आणि भांडंभर पाणी तिनं एका दमात संपवलं. तिच्यामागून तिचा नवरा. मग दहा. मग वीस. बघता बघता तंबू असा भरला की पाय पोटाशी घेऊन बसावं लागलं, आणि बाकीचे कडेच्या हातभर सावलीत उभे राहिले.

मुकादमानं शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. मग त्यानं खिशातून वही काढली. "नावं लिहून घेईन सगळ्यांची!"

"लिही की," फोन्चा म्हणाली. "पण आधी विचार प्रत्येकाला, कार्डावरचं लिहायचं की आईनं ठेवलेलं?"

हशा पिकला. मुकादमाची पेन्सिल वहीवरच थांबली. तो उन्हात उभा होता, मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. "दोन्या फोन्चा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "मी इंजिनिअरला काय सांगू?"

ती स्वतः अजून बाहेरच उभी होती, आत जागा उरली नव्हती. तिनं उन्हात उभ्या राहिलेल्या माणसांवरून नजर फिरवली, बोटानं हवेत काहीतरी मोजलं.

"सांग, माणसं बसलीत. आणि अजून चार तंबू कमी पडतायत."